मराठी कॉर्पस घरच्या घरी: मजकूर जमवण्यापासून वर्गातल्या कागदापर्यंत

‘त्याची मदत केली’ हे मराठी वळण की हिंदीची छाया? ‘यशाला कारणीभूत’ म्हणावे का? ‘ईमेल’ तो, ती की ते? शिक्षकांच्या खोलीत असे वाद रंगतात आणि शेवटी सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या कानावर सोपवले जातात. निवडून जमवलेला काही लाख शब्दांचा मजकूर संगणकात असेल, तर निदान कोण काय लिहिते हे तपासता येते. अशा मजकुराला कॉर्पस म्हणतात. तो जमवणे, धुऊन घेणे, त्यात शोधणे आणि वर्गात वापरणे, यासाठी लागणारी सगळी साधने फुकट आहेत. मात्र या विषयावरच्या बहुतेक सूचना इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेल्या असतात. त्या मराठीला जशाच्या तशा लावल्या की पहिल्याच पायरीवर उत्तर चुकते.

किती आणि कोणता मजकूर

आधी प्रश्न ठरवा, मग मजकूर. क्रम उलटा झाला की हाती लागेल ते गोळा होते, आणि मराठीत सहज हाती लागतात त्या बातम्या आणि विकिपीडिया. ‘-मुळे’, ‘-साठी’, ‘नाही’, ‘नको’ अशा रोजच्या रूपांच्या अभ्यासाला दोन-तीन लाख शब्द पुरतात. ‘भर देणे’, ‘खतपाणी घालणे’ अशा शब्दजोड्या पाहायच्या तर दहा लाखांच्या खाली उतरू नये. कोणत्याही संग्रहातल्या वेगवेगळ्या शब्दांपैकी साधारण निम्मे एकदाच आलेले असतात, आणि मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहिली जात असल्यामुळे अशा एकांड्या रूपांची गर्दी फार होते.

रचनेचा चांगला नमुना आपल्याकडेच आहे. शिवाजी विद्यापीठात तयार झालेल्या ‘कोल्हापूर कॉर्पस’मध्ये १९७८ साली छापलेल्या भारतीय इंग्रजीचे ५०० नमुने आहेत, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, म्हणजे एकूण दहा लाख. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६१ च्या अमेरिकन इंग्रजीचा जो संग्रह केला होता, त्याचाच हा आराखडा. त्यामुळे दोन देशांची इंग्रजी समोरासमोर ठेवता येते. यातून घ्यायचा धडा असा: नमुने छोटे, लेखक पुष्कळ. एका लेखकाची एक लाख शब्दांची अख्खी कादंबरी टाकली, तर त्याच्या लकबी ‘मराठीची वैशिष्ट्ये’ म्हणून यादीत वर येतात.

एका विभागाला किंवा अभ्यासगटाला झेपेल असा आराखडा म्हणजे २००० शब्दांचे १०० नमुने: ३० वृत्तपत्रीय, २५ कथा-कादंबरीतले, २० ललित व वैचारिक लेखांतले, १५ माहितीपर (शेती, आरोग्य, पाककृती) आणि १० शासकीय. नमुना पहिल्या पानापासूनच घ्यायचा असे नाही. पुस्तकाची सुरुवात, मध्य आणि शेवट आलटून पालटून घ्या. प्रस्तावनेची भाषा वेगळी असते.

तयार संग्रहही आहेत. १९९० च्या दशकात भारतीय भाषांचे संग्रह करण्याच्या केंद्र सरकारच्या कामात मराठीची बाजू पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होती. आज म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात अशी साधनसामग्री मिळते. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाच्या संग्रहात मराठी वाक्यांच्या तयार फायली आहेत, पण त्यांत वाक्यांचा क्रम मुद्दाम विस्कटलेला असतो. शब्दजोड्यांना त्या चालतील. ‘मात्र’ किंवा ‘तर’ दोन वाक्यांना कसे जोडतात हे पाहायला त्या निरुपयोगी. विकिपीडियात एकाच साच्यातले चार ओळींचे लेख भरपूर असल्याने ३०० शब्दांपेक्षा लहान लेख सरळ गाळा. बातम्यांच्या पानांवरून ‘हेही वाचा’सारखे ठरलेले तुकडे आणि दोनदा आलेल्या बातम्या काढा, नाहीतर ‘हेही वाचा’ ही मराठीतली सर्वांत लाडकी शब्दजोडी ठरेल.

कायद्याचेही पाहायला हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतात. हरि नारायण आपटे (मृत्यू १९१९) किंवा साने गुरुजी (मृत्यू १९५०) यांचे लेखन मोकळे आहे आणि त्या काळचे बरेच साहित्य मराठी विकिस्रोतावर मिळते. हक्क शाबूत असलेला मजकूर स्वतःच्या अभ्यासासाठी ठेवा, पण पूर्ण फायली वाटू नका. शब्दयाद्या आणि एकेक ओळीचे दाखले वाटावेत.

जुना मजकूर मिसळण्याआधी

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या लेखनात अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र होते: नाहीं, कां, केलें, घरांत. यात खरी मेख ‘घरांत’ची आहे. जुन्या लेखनात ते एका घराबद्दल असू शकते. आजच्या लेखनात ‘घरात’ एकवचन आणि ‘घरांत’ अनेकवचन. दोन्ही काळांचा मजकूर एकाच फोल्डरमध्ये टाकला, तर वचनाबद्दलचे सगळे निष्कर्ष पाण्यात. ‘केलें’, ‘केले’ आणि ‘केलं’ यांचेही तसेच. पहिले जुने नपुंसकलिंगी रूप, तिसरे आजचे बोलण्याजवळचे. मधले नपुंसकलिंगी एकवचनही असते आणि पुल्लिंगी अनेकवचनही. जुना आणि नवा मजकूर वेगळ्या फोल्डरांत ठेवा आणि जुन्याचे अनुस्वार आपोआप काढून टाकण्याचा मोह आवरा. मूळ प्रत गेली की परत येत नाही.

युनिकोडची धुलाई

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे असू शकतात. नेहमी सापडणारे घोटाळे असे:

‘ॲ’ तीन प्रकारे टाइप केलेला आढळतो: एकसंध अक्षर (युनिकोड क्रमांक यू+०९७२), ‘अ’वर चंद्र देऊन केलेली जोडी, आणि हिंदी कळफलकावरचा ‘ऍ’. युनिकोडचे ठरलेले एकरूपीकरण (एनएफसी) हे तिन्ही एक करत नाही. शोधा-आणि-बदला वापरून स्वतःच करावे लागते. ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ बऱ्याच जणांकडून काना आणि चंद्र असे वेगवेगळे टाइप होतो, आणि ‘ो’ हा काना अधिक मात्रा असा. दिसायला फरक नाही, शोधात मात्र शून्य.

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधला अर्धा र दोन प्रकारे येतो: ‘ऱ’ (यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक (यू+२००डी). दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करा. हा क्रम सोडून आधीच सगळे अदृश्य जोडक पुसले, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगर समुद्रात जातात. अर्ध्या र चे काम झाले की उरलेले जोडक व वियोजक (अक्षरे जोडली जाऊ न देणारे, तसेच न दिसणारे चिन्ह) बिनधास्त काढा.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम हाही रोजचा प्रकार: ‘स्वत:’, ‘दु:ख’. देवनागरी अक्षरांच्या मधोमध आलेला अपूर्णविराम विसर्गात बदला. शब्दाच्या शेवटचे मात्र एकेक पाहून बदला, कारण तिथे तो खरा अपूर्णविरामही असू शकतो.

श्री-लिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलला, तर हाती रोमन चिन्हांचा कचरा येतो. त्या-त्या फॉन्टचा रूपांतरक चालवा आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार यांच्या जागा मुद्दाम तपासा. रूपांतरक तिथेच अडखळतात. छापील पानांसाठी टेसरॅक्ट हे स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे ओळखणारे मोफत सॉफ्टवेअर चालेल. पान ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि भाषा मराठी निवडा. हिंदी ठेवली तर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ बिघडतात. ब-व, भ-म, घ-ध, थ-य, ष-प या जोड्या आणि गळालेले अनुस्वार यांवर लक्ष ठेवा. कुठल्याही पाच पानांवरचे मिळून २०० शब्द मुळाशी ताडून पाहा. शंभरात पाचपेक्षा जास्त चुका असतील, तर तो मजकूर शुद्धलेखनाच्या अभ्यासाला घेऊ नका.

प्रत्येक नमुना साध्या मजकुराच्या फायलीत, यूटीएफ-८ मध्ये जतन करा. फायलीच्या नावातच प्रकार, वर्ष आणि क्रमांक घाला: ‘बातमी_२०१९_०१४’. सोबत एक तक्ता हवा: फायलीचे नाव, लेखक, वर्ष, ठिकाण, प्रकार, कुठून घेतले. हा तक्ता सीएसव्ही म्हणून ठेवून एक्सेलमध्ये उघडला की मराठी अक्षरांची वाट लागते; जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा.

ॲन्टकॉन्क: पहिली पाच मिनिटे

ॲन्टकॉन्क हे टोकियोच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांनी केलेले मोफत सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. कॉर्पस मॅनेजरमध्ये फायली भरण्याआधी शब्द म्हणजे काय हे त्याला सांगावे लागते. ‘टोकन डेफिनिशन’मध्ये फक्त ‘लेटर’ निवडलेले असेल, तर काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त ही अक्षरे धरली जात नाहीत. युनिकोडच्या लेखी ती ‘मार्क’ या गटात येतात. मग ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द होतात आणि ‘आणि’चा ‘आण’ उरतो. ‘लेटर’च्या जोडीला ‘मार्क’वर खूण करा आणि मगच कॉर्पस तयार करा. नंतर खूण केली तर कॉर्पस पुन्हा बांधावा लागतो.

पायथनमध्ये काम करणाऱ्यांनाही हाच खड्डा आहे. त्यातली नेहमीची शब्द ओळखणारी खूण मात्रांवर तुटते. ‘रेजेक्स’ हे वेगळे मोड्यूल वापरा किंवा देवनागरीचा पट्टा स्वतः द्या.

तपासणी सोपी आहे. ‘वर्ड’ ही यादी काढा. वरच्या वीस-पंचवीस शब्दांत आणि, आहे, या, हे, नाही अशी मंडळी दिसायला हवीत. सुटी व्यंजने वर आली असतील, तर टोकनची व्याख्या चुकली. ‘वाचा’, ‘क्लिक’, ‘शेअर’ वर आले असतील, तर साफसफाई राहिली.

शब्द नव्हे, सामान्यरूप

‘दूध*’ (* म्हणजे त्या जागी कोणतीही अक्षरे) शोधले तर दूध आणि दूधवाला मिळतील, पण दुधात, दुधाचा, दुधामुळे सगळे निसटतील. कापूस-कापसा, पीठ-पिठा, मूल-मुला, पाणी-पाण्या, विद्यार्थी-विद्यार्थ्या: नाम आणि त्याचे सामान्यरूप दोन्ही शोधायचे ही सवयच लावून घ्या. ॲन्टकॉन्कच्या ‘ॲडव्हान्स्ड सर्च’मध्ये अशी यादी एका ओळीत एक या पद्धतीने देता येते:

दूध*
दुधा*
दुध

तिसरी ओळ अशुद्ध लेखनासाठी. तेही लोक लिहितातच.

दुसऱ्या टोकाला फापटपसारा येतो. ‘घरा*’ने घराला, घरासमोर, घरातलाही मिळतात, त्यांच्याबरोबर घराणे, घराणेशाही आणि घरानाही. म्हणून मोजण्याआधी यादी डोळ्यांखालून घाला आणि नको ती रूपे वगळा. जे शंभर-दीडशे शब्द नेहमी लागतात, त्यांची मूळ शब्द आणि त्याची रूपे अशी यादी एकदा हाताने करून ठेवली की पुढची कामे हलकी होतात. मराठीचे आपोआप पदच्छेद करणारी साधने आहेत, स्टॅन्झा त्यांपैकी एक. पण त्यामागे असलेला हाताने खुणा केलेला संग्रह काहीशे वाक्यांचाच आहे. त्याचे निकाल न तपासता वापरू नयेत.

संदर्भओळी, म्हणजे शोधलेला शब्द मध्ये आणि त्याचा संदर्भ दोन्ही बाजूंना दाखवणाऱ्या ओळी, लावतानाही मराठीचा विचार करा. इंग्रजीसाठी लिहिलेल्या सूचनांत शब्दाच्या उजवीकडच्या शब्दावर क्रम लावायला सांगतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून ‘देणे’, ‘घेणे’, ‘घालणे’ यांची जोडी डावीकडे असते: लक्ष देणे, भेट देणे, साद घालणे, वाद घालणे. क्रियापदासाठी क्रम डावीकडच्या पहिल्या, मग दुसऱ्या शब्दावर लावा. नामासाठी दोन्ही बाजू: विशेषण डावीकडे, क्रियापद उजवीकडे.

एक प्रश्न शेवटापर्यंत: ‘मदत’

प्रश्न असा: ज्याला मदत करायची, त्याला ‘-ला/-ना’ लागतो (‘त्याला मदत केली’) की ‘-ची’ (‘त्याची मदत केली’)?

‘मदत क*’ शोधा आणि डावीकडचे पाच शब्द दिसतील असे ठेवा. ‘*ला मदत क*’ एवढेच शोधून थांबू नका. ‘मला त्या कामात खूप मदत केली’ यात ‘मला’ चार शब्द मागे आहे. ‘*ची’ शोधताना ‘माझी’ आणि ‘तुझी’ सुटतात, ते वेगळे घाला. खोटे दाखलेही येतील. ‘दोन लाखांची मदत केली’ यात ‘-ची’ रकमेला लागलेला आहे, माणसाला नाही. ‘अभ्यास करताना मदत केली’ यातला ‘-ना’ विभक्तीचा नाही. ‘त्याची मदत घेतली’ हे अस्सल मराठी आहे, कारण तिथे मदत करणाराच ‘तो’ आहे. म्हणून क्रियापद ‘करणे’च आहे ना, हे पाहा.

ओळी हजारभर आल्या तर त्यांतल्या २०० यदृच्छेने निवडून तक्त्यात काढा आणि शेजारी एक रकाना करा: ‘ला’, ‘ची-व्यक्ती’, ‘ची-वस्तू’, ‘उल्लेख नाही’, ‘संदिग्ध’. पहिल्या ५० ओळींवर दोघांनी एकमेकांचे न पाहता खुणा कराव्यात. पाचपेक्षा जास्त ठिकाणी मतभेद झाला, तर प्रकारांच्या व्याख्या सैल आहेत. त्या लिहून काढा आणि पुन्हा करा.

टक्केवारी काढताना भाजक नीट धरा. ‘ला’ आणि ‘ची-व्यक्ती’ यांची बेरीज हाच भाजक, कारण लेखकापुढे निवड होती ती एवढ्याच ठिकाणी. मग बातम्या, कथा, विद्यार्थ्यांचे निबंध असे वेगवेगळे आकडे मांडा. निबंधांत ‘ची’चे प्रमाण जास्त निघाले, तरी ते हिंदीमुळेच असे लगेच म्हणू नका, निबंध लिहिणाऱ्यांची घरची भाषा तक्त्यात नोंदलेली असेल, तरच त्या दाव्याला आधार मिळतो.

आकड्यांबद्दल थोडेसे

आकाराने वेगळे संग्रह दर दहा लाख शब्दांवर आणून ताडा. तीन लाखांत २४ वेळा म्हणजे दहा लाखांत ८०. आठ लाखांत ४० वेळा म्हणजे ५०. कच्चा आकडा दुसरीकडे मोठा, प्रमाण पहिलीकडे. फरक योगायोगाचा असू शकतो का, हे पाहायला लॉग-लाइकलिहुड हा सांख्यिकीतला आकडा वापरतात: ३.८४ च्या वर गेला तर शंभरात पाचपेक्षा कमी शक्यता, ६.६३ च्या वर तर एकापेक्षा कमी. शब्दजोड्यांसाठी एमआय (म्युच्युअल इन्फर्मेशन) आणि टी-स्कोअर हे दोन मापदंड सोबत पाहा. एमआय दुर्मीळ जोड्यांना डोक्यावर घेतो (किमान पाच वेळा आलेली जोडीच धरा), तर टी-स्कोअर ‘आणि’, ‘आहे’ अशांना. आणि ‘प्लॉट’ उघडून शब्द किती फायलींत पसरलाय हे पाहिल्याशिवाय कोणताही आकडा लिहू नका. ४० पैकी ३५ दाखले एकाच लेखातले असतील, तर तो त्या लेखाचा विषय होता, एवढेच सिद्ध होते.

वर्गात

बर्मिंगहॅममध्ये टिम जॉन्स यांनी परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना संदर्भओळीच हातात देण्याची पद्धत रूढ केली: नियम सांगायचा नाही, ओळी द्यायच्या, नियम विद्यार्थ्यांनी काढायचा. संगणक प्रत्येकापुढे असण्याची गरज नाही; एक छापील कागद पुरतो, आणि नवख्यांना तोच बरा.

१२ ते १५ ओळी निवडा. चाळीस दिल्या तर कोणी वाचत नाही. ओळी संग्रहातल्याच असाव्यात, पण अवघड संदर्भांच्या गाळाव्यात. वाक्यांत फेरफार मात्र नको. हवा तो शब्द मधल्या रकान्यात एकाखाली एक आला पाहिजे. कागदाची मांडणी कळावी म्हणून इथे रचलेल्या चार ओळी:

चालकाचा निष्काळजीपणा या अपघाताला | कारणीभूत | ठरला
पिकांच्या नुकसानीला अवकाळी पाऊस | कारणीभूत | आहे
पराभवाला गटबाजी | कारणीभूत | असल्याचे ते म्हणाले
दूषित पाणी या साथीला | कारणीभूत | ठरले

खाली तीनच प्रश्न: डावीकडच्या नामांना कोणता प्रत्यय लागला? ज्याला ‘कारणीभूत’ म्हटले ते चांगले की वाईट? पुढे कोणती क्रियापदे येतात? मग ‘तिच्या यशाला मेहनत कारणीभूत ठरली’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि गटांना ते दुरुस्त करू द्या. ‘मेहनतीमुळे’, ‘यशाचे श्रेय मेहनतीला’ अशी उत्तरे येतात. एखादा विद्यार्थी चांगल्या अर्थाचा खरा दाखला शोधून आणेल. तो नाकारू नका. असे दाखले किती आणि कोणाच्या लेखनात, हे संग्रहातच त्याला मोजायला लावा.

मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी सामान्यरूपाचा कागद सर्वांत उपयोगी. ‘*समोर’, ‘*जवळ’, ‘*साठी’ यांच्या ओळी काढा, जोडलेले नाम रिकामे सोडा आणि मूळ नाम कंसात द्या: (शाळा) शाळेसमोर, (झाड) झाडाजवळ, (पाणी) पाण्यासाठी. लिंगाप्रमाणे गट करायला सांगितले की आकारान्त स्त्रीलिंगी नामांचा ‘-ए’ त्यांना स्वतःच दिसतो.

विद्यार्थ्यांच्या निबंधांचा संग्रह करायचा असेल, तर लेखी परवानगी घ्या आणि नावे, गावे, शाळा यांच्या जागी खुणा घाला. हस्तलिखित टाइप करताना शब्दलेखन-तपासणी बंद ठेवा. टाइप करणाऱ्याच्या नकळत ‘पाणि’चे ‘पाणी’ झाले की अभ्यासाचा विषयच पुसला जातो. जशीच्या तशी एक प्रत आणि दुरुस्त केलेली दुसरी, दोन्ही ठेवा. शोध दुरुस्त प्रतीत सोपा पडतो, चुका पहिलीत मोजायच्या. संग्रहात भर घातली की फोल्डरला नवा क्रमांक द्या आणि प्रत्येक शोधासोबत तो क्रमांक, शोधलेली नेमकी रूपे आणि तारीख लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी तोच शोध वेगळा आकडा देईल आणि त्याचे कारण सापडणार नाही.